ट्रॅक्टरवरचा विंचू

एकाहत्तर सालची गोष्ट. तेव्हा भिंगारला जुन्या बाजारामागे माझं पत्र्याचं वर्कशॉप होतं. त्याआधी बारा वर्षं मी मिलिटरीच्या वर्कशॉपात सिव्हिलियन फिटर होतो आणि तिथून निघालो तो भांडून. साहेब म्हणाला, स्वप्नं बघायची तर घरी बघ. मी बरं म्हटलं आणि घरी आलो. स्वभावच तसा. राग नाकावर आणि डोळे कुठेतरी लांब.

मला यंत्रं जनावरांसारखी दिसतात, हा माझा जुना रोग. मिलिटरीचा ट्रक म्हणजे म्हैस, जीप म्हणजे शेळी. त्या सुमारास खेड्यांतून रशियाचे चौदा हॉर्सपॉवरचे बुटके ट्रॅक्टर दिसायला लागले होते. ते मला थेट गोऱ्हे वाटायचे. उमेद दांडगी, पण कातडं पातळ. बाभळीच्या रानात शिरला की एखादी फांदी रेडिएटरात घुसलीच म्हणून समजा. आणि खोड उपटायला साखळी बांधली की पुढची चाकं उचलून नाचायला लागायचा.

त्यावर मी दोन उपाय काढले होते. एक म्हणजे तोंडापुढे सळयांची आणि पट्ट्यांची भक्कम जाळी. दुसरा म्हणजे त्या जाळीखाली विंच. पोलादी दोर गुंडाळलेला एक रूळ, तो इंजिनाच्या जोरावर हळूहळू फिरतो आणि दोराच्या टोकाचा आकडा ज्यात अडकवाल ते ओढून आणतो. मिलिटरीच्या लिलावातल्या भंगारात मला असा एकच विंच सापडला होता. तो उघडला, धुतला, दाते घासले, आणि ट्रॅक्टरच्या पट्ट्याच्या पुलीवरून साखळी घेऊन चालेल असा केला. त्यात गणपतीपासून होळीपर्यंतचे दिवस गेले. त्याची एक खोड मला फार आवडायची. साखळी थांबली की तो आहे तिथे थांबायचा. भार कितीही असो, तसूभर मागे यायचा नाही. हट्टीपणात माझा भाऊ शोभला असता.

मिरजगावच्या अलीकडे एक गाव आहे, तिथले पुंजाराम नावाचे शेतकरी. त्यांना बाभळीचं रान साफ करायचं होतं, म्हणून त्यांनी आपला ट्रॅक्टर माझ्या दारात आणून लावला. तोंडापुढची जाळी बघून म्हणाले, "मुसकं बांधलं व्हय ह्याला? बरं केलं. उभं पीक तरी खानार न्हाई." मुसकं म्हणजे मळणीच्या बैलाच्या तोंडाला बांधतात ती दोरीची जाळी. तेव्हापासून माझ्या जाळीला कुणी दुसरं नावच घेतलं नाही. विंचाचं मात्र वेगळं झालं. मी विंच म्हणायचो, पुंजाराम इंचू म्हणायचे. चार वेळा सांगून पाहिलं. पाचव्यांदा आवाज चढायला लागला तसा मी नाद सोडला.

ठरलं असं, की मी विंच चढवून द्यायचा. आठ दिवस वापरून पसंत पडला तर ते ठेवणार, नाही तर मी उतरवून परत नेणार. आणि मिरजगावच्या बाजाराच्या दिवशी, येत्या मंगळवारी, ते चार गावच्या लोकांना रानात बोलावणार होते. त्यांच्यासमोर मी बाभळीची खोडं दातासारखी उपटून दाखवायची. रोज दुपारी डोळा लागला की मला ते दिसायचं. श्रीरामपूरपासून कर्जतपर्यंत सगळे गोऱ्हे एका रांगेत चाललेत, प्रत्येकाच्या तोंडाला मुसकं आणि मुसक्याखाली माझा विंच. मी बांधावर उभा राहून बघतोय आणि तो वर्कशॉपातला साहेब लांबून टोपी काढतोय.

अशीच दुपार होती. वैशाखाचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. मी जाळीला रंगाचा दुसरा हात लावत होतो. दारातला उजेड जरा कमी झाला म्हणून वर पाहिलं, तर एक म्हातारी काठी टेकून उभी. हिरवं नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पायांवर रस्त्याची धूळ.

"इंचू चढवनारा मिस्तरी तूच का?"

पुंजारामच्या गावची असणार हे मी ओळखलं. "मीच. बसा आक्का."

ती बसली नाही. "किती चढवलं आतापतुर?"

"हा पहिलाच."

"कुनावर?"

"ह्याच्यावर की," म्हणून मी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारली.

तिने ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या नजरेत एकदम मान आला. "निर्जीवावर चढवलास? मंग हात पक्का हाय तुजा. आमच्यात निर्जीवावर न्हाई चढत."

मला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. राग आलाच. "आक्का, निर्जीवावरच चढवतात. जित्या माणसावर चढवून काय करू?"

"हे लई शाण्यासारकं बोल्लास," ती म्हणाली आणि तेव्हा कुठे खाली बसली. "आन उतरवतोस बी?"

"चढवणाऱ्याला उतरवता येणारच. आठ बोल्ट. आठ बोल्ट सोडले की उतरला."

"आटच बोल?" म्हातारी थक्क झाली. "माज्या मंतराचं बारा बोल हायेत, बाबा. सासूनं गिरानात दिलेलं. तुजं आटच?"

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. रंगाचा एक थेंब पायावर पडला. ही बाई विंचाबद्दल बोलत नव्हती. ही विंचवाबद्दल बोलत होती.

मग तिनेच सांगितलं. नाव आक्काबाई. साप-विंचवाच्या त्या उजाड मुलखात चाळीस वर्षं विंचू उतरवण्याचं काम करत होती. विंचू चावला की वेदना बोटातून चढत जाते, मनगट, कोपर, खांदा. मग आक्काबाई त्या माणसाला आपल्या दारातल्या कडुलिंबाखाली बसवणार, लिंबाच्या डहाळीने वरून खाली झाडत मंत्र म्हणणार आणि वेदना उतरवत उतरवत पुन्हा बोटापर्यंत आणणार. सासूने विद्या देताना तीन अटी घातल्या होत्या. कुणाकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही. त्या लिंबाखालीच उतरवायचं. आणि ज्याला चावला त्याने स्वतःच्या तोंडाने 'उतरला' म्हटल्याशिवाय उतरवणाऱ्याने जागेवरून उठायचं नाही.

"चार दिसांखाली वावटळ आली," ती म्हणाली, "आन लिंब आडवा झाला. दुसऱ्या दिशी गावातल्या लंकाबाईला इंचू चावला. मी आडव्या लिंबापाशी तिला घिऊन बसले. सकाळच्यानं बसले त्ये सांज झाली. मी इचारायची, उतरला का? ती म्हनायची, न्हाई. शेवटी तिच्या मानसांनी तिला गाडीत घालून मिरजगावला दवाखान्यात नेली. ती बरी हाय आता. पन मला उतरला म्हनली न्हाई. माजा हात गेला, बाबा. पुंजाराम म्हनला, भिंगारला एक मिस्तरी इंचू चढवतो. मी म्हनलं, चढवतो त्याला उतरवता येतच आसंल. म्हनून यष्टीनं आले. तू ये आमच्या गावाला. लोकांना कोन तरी पायजे."

हसावं की काय करावं ते मला कळेना. मी हसलो नाही, एवढं सांगतो. एवढ्या उन्हात ही बाई आपली गादी दुसऱ्याला द्यायला आली होती, आणि तीही कुणाला, तर माझ्यासारख्या ग्रीसने माखलेल्या माणसाला.

मी तिला विंच दाखवला. परसात एका मोडक्या जीपचा सांगाडा पडला होता, अर्धा मातीत रुतलेला. त्याला आकडा अडकवला आणि इंजिन चालू केलं. दोर ताठ झाला, गुणगुणायला लागला. सांगाडा मातीतून हळूहळू असा निघाला, की जणू झोपेतून कुणी उठून बसावं. आक्काबाई पदर तोंडाला लावून बघत होती. सांगाडा पायाशी येऊन थांबला. मग आकड्याकडे बोट करून म्हणाली, "ही नांगी."

"नांगीच म्हणा."

"वडून काढतो तसा लिंबाला वडून हुबं करील का रं हा?"

एवढे दिवस स्वप्नं बघितली, पण हे काही मला दिसलं नव्हतं. माझ्या सगळ्या स्वप्नांत झाडं उपटली जात होती.

"किती मुळ्या जमिनीत आहेत अजून?" मी विचारलं.

"निम्म्या."

"हिरवा आहे?"

"हिरवा हाय. त्याला ठावंच न्हाई आजून, आपन पडलोय म्हनून."

त्याच दुपारी आम्ही निघालो. मी ट्रॅक्टरवर, आक्काबाई बाजूच्या मडगार्डवर घोंगडीची घडी करून बसलेली, एका हाताने दांडी धरून. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं माझं सगळं सामान मागे बांधलेलं: पाने, साखळ्या, एक कप्पी, ओळंबा. गोऱ्ह्याची चाल ती केवढी. बसगाड्या धूळ उडवत पुढे जायच्या आणि आम्ही त्या धुळीत बराच वेळ चालत राहायचो. उन्हाने रस्ता पाण्यासारखा दिसत होता, त्या पाण्यात लांबची झाडं उलटी उभी होती. आक्काबाई मध्येच डुलकी घ्यायची आणि जागी झाली की म्हणायची, "मला वाटलं बसूनच हाय आपन." मलाही तसंच वाटत होतं. आपण जागेवरच आहोत आणि मुलूखच आपल्या अंगाखालून सावकाश सरकतोय, असं. दिवेलागणीला गावात पोचलो.

सकाळी लिंब पाहिला. एक माणूस कवेत घेईल एवढा बुंधा. पूर्वेकडे पडला होता, गालाखाली हात घेऊन निजल्यासारखा. उपटलेल्या मुळ्यांचा एक मोठा पंखा मातीसकट हवेत उभा राहिला होता. फांद्यांवर साळुंक्या नेहमीसारख्या बसल्या होत्या, फक्त माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर. झाड पडलंय हे त्यांनीही अजून मान्य केलेलं नव्हतं. जवळच एक लांबट काळा दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. चावलेल्या माणसाला त्या दगडावर बसवायचं. आता दगड उघड्या उन्हात होता.

पुंजाराम आले. त्यांच्या कपाळाला आठी. "मिस्तरी, तुमी बाभळी उपटाया आला न्हवता का?"

"मंगळवार परवा आहे, पुंजाराम. आजचा दिवस माझा."

"ट्रॅक्टर माजा हाय," ते म्हणाले. मग आक्काबाईकडे पाहिलं. त्यांना स्वतःला तिने तीनदा झाडलं होतं, हे मला नंतर कळलं. "बरं. पन मी चालवनार."

काम सोपं नव्हतं. झाड हलकं, पण ट्रॅक्टर त्याहून हलका. झाड उठण्याऐवजी ट्रॅक्टरच झाडाकडे जाईल, हे मला आधीच दिसत होतं. गावाबाहेर चुन्याच्या घाणीचं मोठं दगडी चाक पडलं होतं, जुन्या काळी बांधकामाचा चुना मळायला बैल फिरवायचे ते. दहा-बारा जणांनी ते लोळवत आणलं. लिंबाच्या पश्चिमेला खड्डा खणून निम्मं पुरलं. ट्रॅक्टरची पाठ साखळीने त्या चाकाला बांधली आणि तोंड लिंबाकडे. लिंबाच्या डोक्यावरचा निम्मा भार कमी करायला हवा होता. मी कुऱ्हाड मागितली तेव्हा आक्काबाई घरात गेली. फांद्या तोडून झाल्यावर बाहेर आली आणि तोडलेला पाला गोळा करायला लागली.

पहिल्या खेपेला काथ्याचा फास बांधला. तो निसटला. फासात अडकलेली एक फांदी मोडून सपकन उडून आली आणि मुसक्यावर अशी बसली, की मधली सळई वाकली. मुसकं नसतं तर रेडिएटर गेला असता आणि त्याच्या मागे उभा असलेला मीही. पुंजाराम गाडीवरून म्हणाले, "ह्ये मुसकं पसंत हाय, मिस्तरी."

दुसऱ्या खेपेला पोलादी दोरच बुंध्याभोवती घ्यायचं ठरवलं. आक्काबाईने थांबवलं. घरातून गोधडी आणली, चार पदरी घडी केली आणि दोर आणि साल यांच्यामध्ये घातली. "लागंल त्याला," म्हणाली. लुगड्यांच्या तुकड्यांची ती गोधडी, कधीची कुणास ठाऊक. कप्पीतून दोर दुहेरी करून घेतला, आणि मी हात वर केला.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. आवाज आठवतो, दोराचा गुणगुणाट आणि मातीच्या आतून आलेला एक मोठा श्वास. लिंब हलला. वीतभर. मग थांबलो, त्याच्या मुळ्यांखाली माती सारली, पुन्हा वीतभर. साळुंक्या उडाल्या, फेरी मारून परत त्याच फांदीवर बसल्या, आणि फांदी वर जाताना त्याही बसल्या बसल्या वर गेल्या. बायका दाराशी उभ्या होत्या. घाई करावी असं वाटतच नव्हतं. दुपार लांबत गेली, सावल्या दुसऱ्या बाजूला वळल्या, आणि आम्ही वीतभर वीतभर चाललोच होतो.

माझ्या हातात ओळंबा होता. अजून चार बोटं तिरका आहे, असं ओळंबा सांगत होता. आक्काबाई मात्र त्या काळ्या दगडाकडे बघत होती. लिंबाची सावली जमिनीवरून सरकत सरकत आली, दगडाच्या कडेला टेकली, आणि दगडावर चढून बसली.

"बास," ती म्हणाली. "ह्या वक्ताला ती हितंच आसती."

मी साखळी थांबवली. विंच थांबला. लिंब उभा होता. आक्काबाई दगडावर जाऊन बसली आणि सावलीत आपला हात उलटसुलट करून बघत राहिली. मला रडायला आलं, आणि रडायला आलं म्हणून रागही आला.

कारण एक गोष्ट मला कळून चुकली होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. दोर सोडला तर लिंब पुन्हा आडवा होणार. काथ्याचे दोर बांधले, टेकू दिले, तरी माती बसेल तसे ते सैल पडणार. याला पोलादी दोरच हवा होता आणि दर आठ दिवसांनी तो थोडा थोडा ताणणारं काहीतरी हवं होतं, निदान येत्या वर्षाच्या श्रावणापर्यंत. ताणेल आणि मागे यायचा नाही, असं एकच यंत्र तिथे होतं. ते मंगळवारच्या खोडांसाठी होतं.

"काथ्याचे दोर आणा," मी पुंजारामना सांगितलं. "चार बाजूंनी बांधू. काही होत नाही."

आणि त्या खोट्याचा राग कशावर तरी काढायचा म्हणून मी स्वतःच खड्ड्यात उतरून मुळ्यांखाली दगड ठासायला लागलो. उजवा हात एका मुळीमागे घातला. उजव्या हाताच्या मधल्या बोटात निखारा शिरला.

मला वर काढलं तेव्हा विंचू दिसला. काळा, बोटभर लांब, आपली नांगी वर धरून शांतपणे मुळीवरून चालला होता. त्याचं घर आम्ही सकाळपासून हलवत होतो, चूक त्याची नव्हती.

पुंजाराम ट्रॅक्टरकडे धावले, दवाखान्यात नेतो म्हणून. पण ट्रॅक्टर लिंबाला धरून होता. मी दगडावर बसलो. आक्काबाई माझ्यापुढे जमिनीवर बसली, पण तिचे हात मांडीवरच राहिले. "माजा हात गेलाय, बाबा," ती म्हणाली. "तुला ठावं हाय."

"लिंब उभा आहे ना?"

"हुबा हाय."

"मग झाडा."

तिने डहाळी घेतली. सकाळी तोडलेल्याच फांदीची. माझा यावर विश्वास होता का? नव्हता. मी फिटर माणूस. कळ कोपरापर्यंत आली होती आणि धावत वर चालली होती. आक्काबाई पुटपुटत खांद्यापासून खाली डहाळी ओढत होती, आणि थांबून विचारत होती.

"कुटवर हाय?"

"खांदा."

पुन्हा डहाळी. पुन्हा ते बारा बोल, ओठांतल्या ओठांत. ऊन उतरत होतं. लिंबाची पानं वर कुठेतरी वाजत होती, पाच दिवसांनी पहिल्यांदा आपल्या उंचीवर. मला ग्लानी आल्यासारखं झालं. वाटलं, मी झाड आहे आणि ही बाई माझ्या अंगातला भार वीतभर वीतभर खाली आणतेय.

"कुटवर हाय?"

कळ खांद्यातच होती. पण तिचे गुडघे मला दिसत होते, दगडगोट्यांवर टेकलेले, थरथरणारे. लंकाबाईपाशी ती अशीच सांजेपर्यंत बसली असणार. "कोपर," मी म्हटलं.

"आन आता?"

"मनगट."

"आता?"

"बोट." आणि मग म्हणून टाकलं, "उतरला."

ती उठली नाही. डहाळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत बसली. मग हळूच हसली.

"खोटं बोल्लास."

मी बोट डाव्या मुठीत धरलं.

"चाळीस वर्सं समदी आसंच सांगत आली मला. कुनाचा खरंच उतरला हुता. कुनी माजे गुडगे बगून म्हनलं. लंकानं तेवडं खरं सांगितलं."

"मग तुम्ही उठायच्या कशा, आक्का? खोट्यावर?"

"लई दुखत आसलं तर मानसाला दुसऱ्याचे गुडगे दिसत न्हाईत," ती म्हणाली. "खोटं सुचाया लागलं म्हंजी उतार पडला समजायचं. आपन उटून आपल्या कामाला लागायचं. मागनं त्यो उतरतोच."

"मग उठा की आता."

"बसते जरा." तिने मान वर करून लिंबाकडे पाहिलं, मग ताठ दोराकडे, मग ट्रॅक्टरकडे. "एका दिसात दोन बारीला खोटं बोल्लास. काही होत न्हाई म्हनलास मगाशी. व्हतंय ना?"

पुंजारामही माझ्याकडे बघत होते. काथ्याचे दोर त्यांच्या खांद्यावर तसेच होते.

"होतंय," मी म्हटलं. आणि मग एकदाचं सगळं सांगितलं. सांगताना मला मंगळवार दिसत होता, बांधावरची माणसं, ती गोऱ्ह्यांची रांग, टोपी काढणारा साहेब. रांग हळूहळू लांब गेली, धुळीत गेली. दुसरा विंच कुठून आणणार होतो? कुठूनही नाही. मी नांगी टाकली.

डाव्या हाताने पाना घेतला. पुंजारामनी आधी मोठ्या साखळीने लिंब दगडी चाकाला तोलून धरला, तेव्हा कुठे विंचाच्या दोरावरचा ताण सुटला. मग मी ट्रॅक्टरपुढे आडवा झालो आणि मुसक्याखाली हात घातला. आक्काबाई तिथेच जमिनीवर बसून होती.

"काय करतोस रं?"

"आठ बोल म्हणतोय."

पहिला बोल्ट सुटला. दुसरा. तिसरा गंजला नव्हता तरी हट्टाला पेटला होता, मीच आवळलेला. पुंजाराम उकिडवे बसून सुटलेले बोल्ट टोपीत घेत होते. "मंगळवारी मानसं येतील त्यांना मी काय दावू?" त्यांनी विचारलं, पण रागाने नाही.

"लिंब दाखवा."

"कुटवर आला?" आक्काबाई म्हणाली.

"चार राहिले."

"आन आता?"

"दोन."

शेवटचा बोल्ट डाव्या हाताला ऐकेना. मी नकळत उजवा हात लावला आणि पाना फिरला. विंच आमच्या दोघांच्या हातांत आला, जड, गार, गप्प. आम्ही तो दगडी चाकाशी नेला, चाकाच्या मधल्या भोकातून पट्ट्या घालून आवळून बसवला आणि दोर पुन्हा ताणला. पुलीच्या जागी मी हाताने फिरवायचं हँडल लावलं, कुणाही म्हातारीला फिरवता येईल असं. दर आठ दिवसांनी एक फेरा, जास्त नाही. लिंब हलला नाही. साखळी सोडली तरी हलला नाही.

ट्रॅक्टर मोकळा झाला. पुढे मुसकं होतं, एक सळई वाकलेली, आणि खाली रिकाम्या जागेत आठ भोकं.

"उतरला का?" आक्काबाईने विचारलं.

ती कशाबद्दल विचारतेय ते मला कळलं नाही. मी बोटाकडे पाहिलं, मग विंचाकडे.

"उतरला," मी म्हटलं. या खेपेला खरं बोललो.

मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, लुगड्याची माती झटकली, आणि आमच्यासाठी चहा ठेवायला घरात गेली.